चवडा उचलत नाही? आधी पोटरी तपासा

पक्षाघाताला दोन-तीन वर्षं झालेला पेशंट चालताना चवडा घासतो आणि फाइलवर 'फूट ड्रॉप' (चवडा लोंबणं) एवढंच लिहिलं जातं. पण पोटरी आखूड झालेली असू शकते, तिच्यात स्पॅस्टिसिटी (झटक्याने ताणल्यावर स्नायू आपोआप घट्ट होणं) असू शकते किंवा नडगीपुढचा स्नायू खरंच दुबळा असू शकतो. जुन्या पेशंटमध्ये बहुधा तिन्ही थोडंथोडं सापडतं. कशाचा वाटा किती, हे तपासणीच्या क्रमातून कळतं.

पेशंटला दहा मिनिटं उताणं झोपू द्या. बॅक्लोफेन (स्पॅस्टिसिटी कमी करणारं औषध) चालू असेल तर गोळीची वेळ लिहा. पोटरी नव्याने सुजलेली, गरम किंवा दुखरी असेल तर तपासणी तिथेच थांबवून डॉक्टरांना दाखवा. शिरेत गुठळी असू शकते.

गुडघा सरळ ठेवून चवडा अगदी सावकाश वर ढकला आणि गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायच्या साधनाने) कोन मोजा. टाच मुठीत घट्ट धरून किंचित आत वळवलेली ठेवा. हे सुटलं की पाऊल मध्येच वाकतं आणि घोटा वळल्याचा भास होतो. नवशिक्यांचे पाच-दहा अंश इथेच फुकट वाढतात. मग गुडघा ९० अंशांत वाकवून पुन्हा मोजा. वाकवल्यावर कोन चांगला वाढला तर गॅस्ट्रोक्नेमियस (पोटरीचा गुडघ्यावरून जाणारा स्नायू) आखूड आहे. दोन्ही वेळा तेवढाच अडला तर सोलियस (पोटरीचा गुडघ्याखालून निघणारा आतला स्नायू) किंवा खुद्द सांधा. चालताना घोट्याला सुमारे १० अंश वर वळावं लागतं, म्हणून शून्यालाच (पाऊल नडगीशी काटकोनात असताना) अडलेला घोटा व्यायामाने 'उचलायला' शिकवणं व्यर्थ.

आता तीच हालचाल झटक्यात करा. मध्येच अटकाव लागला तर तो कोन लिहा आणि क्लोनसचे (ताणल्यावर पाऊल आपोआप थडथडण्याचे) ठोके मोजा. सावकाश आणि झटक्याच्या कोनांत मोठा फरक असेल तर स्पॅस्टिसिटीचा वाटा मोठा. फरक नगण्य असेल तर आखडलेपणाचा. नुसत्या ॲशवर्थच्या (हाताला जाणवणाऱ्या ताठरपणाच्या श्रेणीच्या) आकड्यावरून हे दोन वेगळे करता येत नाहीत.

ताकद यानंतर. खुर्चीत बसवून चवडा उचलायला सांगा. बरेच जण सोबत गुडघाही वर घेतात, कारण खुबा, गुडघा आणि घोटा एकाच साखळीत ओढले जातात. म्हणून आधार देऊन उभं करा, गुडघा सरळ ठेवून पुन्हा सांगा. बसून जमतं, उभ्याने नाही, म्हणजे स्नायू आकुंचन पावतो पण सुटा चालवता येत नाही. अशा वेळी ताकदीला ५ पैकी किती गुण द्यायचे यावर वाद घालण्यात अर्थ नाही. अंगठा एकटाच वर येत असेल तर तो घोट्याचा जोर समजू नका.

पोटरीची ताकद हाताने दाबून मोजू नका. तिला अख्ख्या शरीराचं वजन पेलायचं असतं. उभ्याने, हाताला आधार देऊन, एका पायावर टाच किती वेळा पूर्ण उचलली जाते ते मोजा. गुडघा वाकवून किंवा पुढे झुकून उचललेली टाच मोजणीत धरू नका. तुम्ही दुबळ्या बाजूला उभे राहा.

शेवटी चालणं. १४ मीटर सरळ वाट आखा, सुरुवातीचे आणि शेवटचे २ मीटर सोडून मधल्या १० मीटरची वेळ घ्या. २० सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.५ मीटर, ०.४ च्या खालचे लोक सहसा घरापुरतंच चालतात. काठी, बूट, स्प्लिंट काय होतं ते शेजारी लिहा, नाहीतर तीन महिन्यांनी वाढलेला वेग पायाचा की नव्या बुटांचा, ते सांगता येणार नाही.