दोन सारख्या पाँटून बोटींमधून घरासाठी एक कशी निवडावी

गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरवर घरच्यांसाठी पाँटून बोट, म्हणजे पोकळ नळकांड्यांवर तरणारी सपाट बोट, घ्यायची ठरली की बहुतेकदा दोन मॉडेलांवर गाडी अडते. लांबी तीच, इंजिन तेच, किंमतही जवळपास. मग घरची मंडळी गाद्यांचा रंग पाहून कौल देतात. बोट तरते ती मात्र गाद्यांखालच्या नळकांड्यांवर, म्हणून तपासणी तिथूनच सुरू करा.

पहिलं काम, स्वतः टेप लावून नळकांड्याचा व्यास मोजा. ६० सेंटिमीटर व्यासाचं, ६ मीटर लांबीचं नळकांडं साधारण १,७०० लिटरचं भरतं. अशी दोन नळकांडी निम्मी बुडालेली असताना मिळून १,७०० किलो पेलतात, आणि त्यात बोट, इंजिन, पेट्रोल सगळंच आलं. व्यास ६५ असेल तर हाच आकडा २,००० च्या आसपास जातो. टोकं निमुळती असल्यामुळे थोडं कमी धरा. तरी पाच सेंटिमीटरच्या फरकात तीन-चार माणसांचं वजन सहज बसतं! माझ्या मते, इथेच निम्मा निर्णय होतो.

मग नळकांड्याच्या आत पडदे घालून वेगळे कप्पे केलेत का, ते विचारा. पाणी उतरलं की बुडीत झाडांची खोडं वर येतात. एखादं लागून नळकांडं फाटलंच, तर कप्पे असल्यावर एकाच कप्प्यात पाणी शिरतं. खाली वाकून फळीखालचे आडवे पट्टेही बघा. ते जितके जवळजवळ, तितकी फळी कमी लचकते.

आता दोन्ही बोटी एकाच दिवशी पाण्यावर न्या, तेही आजी-आजोबा, लेकरं, डबे, सगळ्यांसकट. सगळ्यांना एका बाजूला बसवून बोट किती कलते ते पाहा. वाऱ्याच्या तोंडाला वळवून काठाला लावून बघा. छत आणि उंच कठड्यांमुळे पाँटून वारा फार धरते, आणि वैशाखातलं वावधन सांगून येत नाही. दुपारी तापलेल्या फळीवर अनवाणी पाय टेकवून बघा.

ईकॉर्नियाच्या, म्हणजे जलपर्णीच्या, पट्ट्यात इंजिनाकडे लक्ष ठेवा. थंड ठेवणाऱ्या पाण्याची मागून पडणारी धार बारीक झाली, तर इंजिन लगेच बंद करा. ते वर उचलून पंख्यातली वेल कोणत्या बोटीवर सहज काढता येते, हे हात लावूनच कळतं.

अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ प्रमाणे इंजिनाच्या बोटीची तपासणी, नोंदणी आणि विमा लागतो. जलाशयात बोट घालण्याआधी जलसंपदा विभागाकडे परवानगीचं विचारून घ्या. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं हवं. लहान लेकरांचं पायांमधून पट्टा असलेलंच.

एवढं करूनही दोन्ही सारख्याच उतरल्या, तर ज्या विक्रेत्याचा मिस्त्री गावात येऊन इंजिन उघडतो, त्याची बोट घ्या.