स्पार्कलिंग वाईनचा फेस लगेच बसतो? या चुका टाळा

पेल्यात फेस भसाभसा वर आला आणि क्षणात बसला, तर गॅसला दोष देऊ नका. तयार साध्या वाईनमध्ये (म्हणजे मूळ वाईनमध्ये) साखर आणि यीस्ट घालून ती बंद बाटलीत पुन्हा आंबवतात, आणि गॅस त्या साखरेतून येतो: लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साखरेला १ बार दाब. किण्वन पूर्ण झालं, तर यीस्ट कोणतंही असो, हिशोब तोच. फेस धरून ठेवतात ती द्राक्षातली प्रथिनं आणि मेलेल्या यीस्टच्या पेशीभित्तिकेतून सुटणारी मॅनोप्रोटीन्स. यीस्टच्या निवडीचा खरा संबंध इथे येतो.

पावाचं यीस्ट वापरू नका. मूळ वाईनमध्ये आधीच १०-११ टक्के अल्कोहोल असतं, त्यात ते मध्येच दमतं. मेलेल्या यीस्टचा गाळही सैल बसतो. कण उरले की बाटली उघडताच वाईन उसळून बाहेर येते. ईसी १११८सारखी, फ्रान्सच्या शॅम्पेन भागातली यीस्टची जात घ्या. पाकिटावर 'कमी फेस' लिहिलेलं पाहून ती बाजूला ठेवू नका. ते टाकीतून उतू जाणाऱ्या फेसाबद्दल असतं, पेल्यातल्या नव्हे.

कोरडं यीस्ट थेट बाटलीत टाकणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. अल्कोहोलच्या धक्क्याने बऱ्याच पेशी तिथेच गारद. वजनाच्या १० पट, ३५ ते ४० अंशांच्या पाण्यात १५-२० मिनिटं भिजवा. मग थोडं साखरपाणी, आणि पुढचे दोन-तीन दिवस मूळ वाईन थोडी थोडी वाढवत न्या. विरजणासारखंच: जोमात काम सुरू झालं, की मगच बाटलीत. साखर लिटरला २४ ग्रॅम, म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीला १८. मूळ वाईनमध्ये साखर उरली असेल तर ती वजा करा, आणि बाटली जाड शॅम्पेनचीच हवी. साधी फुटते, तीही काचा उडवत.

पुण्यात अडचण वेळापत्रकाची. जुन्नर-नारायणगाव पट्ट्यातली द्राक्षं फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निघतात, म्हणजे बाटलीतलं किण्वन नेमकं एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात येतं. १२ ते १५ अंश मिळत नसतील तर बाटल्या भरूच नका. मूळ वाईन थंड टाकीत थांबवून ठेवा. घरचा फ्रिज चालत नाही, तिथे ४ अंशांना यीस्ट झोपी जातं.

मूळ वाईन निवळवताना बेंटोनाइटचा (वाईन निवळवायच्या मातीचा) हात आखडता ठेवा, ते फेसाची प्रथिनंही ओढून नेतं. गाळ काढायचीही घाई नको: मॅनोप्रोटीन्स सावकाश सुटतात, नऊ महिन्यांआधी काढलात तर जात चांगली असूनही फायदा थोडाच. शॅम्पेनमध्ये तर किमान १२ महिने गाळावर ठेवावीच लागते.

एवढं करूनही फेस मरतोय? पेला साबण न लावता गरम पाण्याने विसळून पुन्हा ओतून बघा.