पासवर्ड बदलण्याआधी लॉग उघडा

महाप्यातल्या एका कंपनीत मी सपोर्टला लागले तेव्हा माझ्याकडे प्रत्येक तक्रारीवर एकच औषध होतं. मेल जात नाही, पासवर्ड रीसेट. लॉगिन होत नाही, पासवर्ड रीसेट. बऱ्याचदा चालूनही जायचं, त्यामुळे ती सवय पक्की झाली. ती मोडली वागळे इस्टेटमधल्या एका ग्राहकाच्या मेल सर्व्हरने. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी तो प्रसंग सविस्तर लिहिते आहे.

आम्ही त्यांचा सर्व्हर शनिवार-रविवारी नव्या मशीनवर हलवला होता. मेल पाठवणारं पोस्टफिक्स आणि लॉगिन व मेलबॉक्स सांभाळणारं डोव्हकॉट, दोन्ही ताजे. सोमवारी सकाळी ठाण्याहून पनवेल लोकल पकडली आणि घणसोलीला उतरायच्या आत तीन फोन आले: "मॅडम, कोणाचीच मेल जात नाहीये." ऑफिसात पोचून बघते तर सगळं सुरू. अर्ध्या तासाने पुन्हा बंद, दहाएक मिनिटांनी आपोआप सुरू. दुपारपर्यंत मी आठ जणांचे पासवर्ड बदलले होते.

आमच्या सीनियर सरांनी एकच प्रश्न विचारला. "सर्व्हरने नकार दिला, की आपण सर्व्हरपर्यंत पोचलोच नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. हा फरक मी कधी केलाच नव्हता. पासवर्ड चुकला तर सर्व्हर ५३५ हा आकडा पाठवतो, म्हणजे निदान बोलतो तरी. इथे बंद काळात कनेक्शनच लागत नव्हतं. तिथल्या एकाला फोनच्या डेटावरून मेल पाठवायला सांगितली, ती लगेच गेली. म्हणजे अडवलं जात होतं ते ऑफिसचं इंटरनेट. सर्व्हरवरच्या फेल-टू-बॅनच्या, म्हणजे चुकीचे लॉगिन मोजून पत्ता अडवणाऱ्या प्रोग्रामच्या, लॉगमध्ये (नोंदवहीत) ते स्पष्ट लिहिलेलं होतं. मूळ सेटिंगप्रमाणे दहा मिनिटांत पाच चुकीचे प्रयत्न झाले की तो आयपी पत्ता दहा मिनिटं बंद होतो. सगळं ऑफिस एकाच पत्त्यावरून बाहेर पडत असल्याने एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना.

तो एक म्हणजे अकाउंट्समधला स्कॅनर. कोणी बिल स्कॅन करून मेल केलं की तो पुन्हा पुन्हा लॉगिन करून बघायचा. त्याचा पासवर्ड बरोबर होता. डोव्हकॉटच्या लॉगमधल्या ओळीचा अर्थ असा होता: क्रॅम-एमडी५ (लॉगिनची एक पद्धत) मागितलं आहे, पण आपल्याकडे फक्त एसएचए५१२-क्रिप्ट (पासवर्ड साठवायचं एक रूप) आहे.

इथे थोडं थांबा, कारण अनेक जण इथेच फसतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या क्रॅम-एमडी५ पद्धतीत सर्व्हर एक कोडं पाठवतो. क्लायंट, म्हणजे मेल पाठवणारा प्रोग्राम किंवा यंत्र, पासवर्ड वापरून त्याचं उत्तर काढतो आणि फक्त उत्तर पाठवतो. पासवर्ड तारेवरून जातच नाही. पण ते उत्तर तपासायला सर्व्हरकडे मूळ पासवर्ड किंवा त्या पद्धतीसाठीच बनवलेलं त्याचं रूप लागतं. जुन्या सर्व्हरवर पासवर्ड उघडे ठेवलेले होते, म्हणून स्कॅनरचं चालायचं. नव्यावर आम्ही ते हॅश करून, म्हणजे परत उलगडता न येणाऱ्या रूपात, ठेवले, जे योग्यच होतं, पण लॉगिनच्या पद्धतींची यादी जुन्या कॉन्फिगरेशनमधून तशीच उचलली. सर्व्हर न पाळता येणारं वचन देत होता.

थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये याच पद्धतीला 'एन्क्रिप्टेड पासवर्ड' म्हणतात आणि नवखा माणूस नाव बघून तेच निवडतो. खरी सुरक्षा टीएलएसची, म्हणजे सगळं कनेक्शनच एन्क्रिप्ट करण्याची, आहे. आधी टीएलएसचा बोगदा उभा करायचा आणि त्याच्या आतून साधा पासवर्ड पाठवायचा. आम्ही डोव्हकॉटच्या यादीत फक्त प्लेन आणि लॉगिन या साधा पासवर्ड पाठवणाऱ्या पद्धती ठेवल्या, पोस्टफिक्समध्ये टीएलएसशिवाय ऑथेंटिकेशन (लॉगिन) बंद केलं आणि स्कॅनरची सेटिंग बदलली. त्यानंतर ऑफिसचा पत्ता पुन्हा बंद झाला नाही.

तेव्हापासून मी आधी ओपनएसएसएल या कमांडने थेट ५८७ पोर्टवर, म्हणजे मेल पाठवायच्या दारावर, जाऊन स्टार्टटीएलएस करून (साधं कनेक्शन टीएलएसवर नेऊन) बघते. सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राची, साखळी पूर्ण आहे का, नाव जुळतं का, मुदत उरली आहे का, हे तिथेच कळतं. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. ते आपोआप नवं झालं तरी डोव्हकॉट रीलोड केला नाही तर तो जुनंच दाखवत राहतो. मग ईहेलो (सर्व्हरला नमस्काराची कमांड) म्हणून उत्तरातली ऑथची ओळ, म्हणजे चालणाऱ्या लॉगिन पद्धतींची यादी, वाचायची. टीएलएसच्या आधी ती दिसली नाही तर घाबरू नका, आपण तसंच सांगून ठेवलेलं आहे. ५३० आलं तर बहुधा क्लायंटने टीएलएस सुरूच केलेलं नाही. ४५४ आलं तर दोष सर्व्हरचा. पोस्टफिक्स आणि डोव्हकॉटमधलं सॉकेट (दोघं एकमेकांशी बोलतात ती जागा) आणि त्याच्या परवानग्या बघा, वापरणाऱ्याला पासवर्ड विचारू नका.

या चाचणीत कमांड लहान अक्षरांत टाइप करा. ओळ मोठ्या 'आर'ने सुरू झाली तर ओपनएसएसएल ती सर्व्हरकडे न पाठवता स्वतःसाठीची सूचना समजतो. माझा एक तास त्यात गेला आहे. आणि बेस-६४ मधला (नुसत्या वेगळ्या अक्षरांत लिहिलेला) लॉगिनचा मजकूर ग्रुपवर टाकून मदत मागू नका. तो उलगडायला क्षणही लागत नाही, म्हणजे तुम्ही ग्राहकाचा पासवर्डच वाटलेला असतो.

सराव घरीच करा. एका व्हर्च्युअल मशीनवर पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट बसवा, मेल जायला लागली की एकेक सेटिंग मुद्दाम बिघडवा आणि प्रत्येक बिघाडाला लॉगमध्ये कोणती ओळ येते ती वहीत लिहून ठेवा. माझी वही अजून टेबलावर असते. आता टीममध्ये नवीन आलेली मुलं ती फोटो काढायला मागतात.