धामणीचं धनुष्य: सोलापूरच्या हवेत कसं करावं

लाकडी धनुष्य सोलापुरात मोडतं ते बहुधा एप्रिल-मेमध्ये. लाकडातला ओलावा ६ टक्क्यांच्या खाली गेला की धामणीसारखं चिवट लाकूडही तडकतं. श्रावणात उलट होतं: लाकूड ओलावा धरतं, मऊ पडतं आणि ताणलं की वाकलेलंच राहतं. हवा तो ८ ते १० टक्के ओलावा इथे दिवाळी ते संक्रांत आपसूक मिळतो. कोरायचं काम तेव्हाच काढा.

धामणीची ६ फुटी, बिनगाठीची, सरळ रेषांची फाक घ्या. ती पाचरीने फोडलेली हवी, कारण फोडताना लाकूड आपल्या रेषेनेच सुटतं. करवत रेषा तोडत जाते. बांधावरची बाभूळ मोह पाडते, पण तिच्यात ६ फूट सरळ तुकडा शोधून दाखवा! ओल्या फाकेच्या दोन्ही टोकांना फेविकॉलचा जाड थर द्या, नाहीतर टोकं आधी सुकून उलतात. सावलीत ठेवा, पत्र्याखाली नको. दर आठवड्याला वजन करा. ते उतरायचं थांबलं की लाकूड तयार.

लक्ष्याकडची बाजू म्हणजे पाठ. साल काढल्यावर तिथलं वाढीचं एकच वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राहू द्या. पाठीवर वाकसाचा एक घाव बसला तरी धनुष्य पुढे तिथूनच फुटतं. जे तासायचं ते पोटाकडून, म्हणजे धनुर्धराकडच्या बाजूने.

मधली मूठ ४ इंच लांब, सव्वा इंच रुंद, दीड इंच जाड. तिथून दोन्हीकडे २ इंचांचा उतार देऊन जाडी पाऊण इंचावर आणा. पाती, म्हणजे मुठीच्या दोन्हीकडचे वाकणारे भाग, पावणेदोन इंच रुंद ठेवा. अर्ध्या लांबीनंतर निमुळती करत टोकाला अर्धा इंच. टोकांच्या खाचा गोल कानशीने पाडा.

आता खरं काम, टिलरिंग: म्हणजे दोन्ही पाती सारखी वाकेपर्यंत खरवडत जाणं. मूठ भिंतीवरच्या खुंटीत बसवा, सैल लांब दोरी लावा आणि स्प्रिंगच्या काट्याने खाली ओढा. दोन्ही पाती सारखी वाकतात का, हे चार पावलं मागे जाऊन बघा. जिथे वाकत नाही तिथलंच पोट काचेच्या तुकड्याने खरवडा. जिथे जास्त वाकतं तिथे हात लावू नका. प्रत्येक खरवडीनंतर २०-३० वेळा हलकं ओढा, कारण लाकडाला बदल कळायला वेळ लागतो. ही घाई नडली की एकाच जागी बिजागरीसारखा बाक पडतो, आणि तो सुधारायला बाकी सगळं पातं पातळ करावं लागतं. ओढीचा जोर शेवटी ४० पौंड, म्हणजे सुमारे १८ किलो, हवा असेल, तर काटा मध्ये कधीही १८ किलोपुढे जाऊ देऊ नका. पाती सारखी वाकू लागली की आखूड दोरी चढवा. दोरी आणि मूठ यांत ६ इंच अंतर ठेवून हळूहळू २८ इंचांच्या ओढीपर्यंत या. खालचं पातं किंचित कडक असावं.

दोरी डॅक्रॉनची (पॉलिएस्टरचा धागा), १४ पदरी. नायलॉन ताणतं, ते नको. बाण न लावता दोरी कधीच सोडू नका.

शेवटी जवसाच्या तेलाचे चार हात. करडईचं तेलही वाळतं, पण फार सावकाश. तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका; आपोआप तापून पेटतात. उघड्यावर पसरून वाळवा.