नवी मोटरसायकल शिकताना या चुका टाळा

गेली बारा वर्षं दर रविवारी सकाळी सोसायटीमागच्या मैदानात मी कुणा ना कुणाला मोटरसायकल शिकवते. प्रत्येक जण हेच विचारतो, "भीती कधी जाईल?" आपण म्हणू तिथे गाडी थांबते, याची खात्री पटली की भीती जाते. पण नव्या माणसाला थांबायला नाही, पळवायला शिकायचं असतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पुढच्या ब्रेकला हातच न लावणं. "पुढचा दाबलास तर उलटशील" असं घरातल्याच कुणीतरी सायकलच्या वयात सांगितलेलं असतं, ते डोक्यातून जात नाही. ब्रेक लागला की वजन पुढे येतं आणि गाडी थांबवायचं बरंचसं काम पुढचं चाकच करतं. मागचं चाक हलकं होतं. त्यावरच सगळा भार टाकला तर ते लॉक होऊन, म्हणजे फिरायचं थांबून, घसरतं.

माझ्या भाच्याला लायसन्स मिळून आठवडा झाला होता. सिंहगडाला जायचंच म्हणून हटून बसला. चढला नीट. उतरताना मी माझ्या गाडीवर त्याच्या मागे होते. त्याचा मागचा लाल दिवा विझतच नव्हता. चार-पाच वळणांनंतर जळका वास यायला लागला, आणि पुढच्या वळणावर तो वळलाच नाही, सरळ कडेच्या मातीत जाऊन आडवा झाला. गुडघा सोलवटला, आरसा फुटला, एवढ्यावर निभावलं. मागच्या चाकाच्या ब्रेकच्या ड्रमजवळ हात नेला तर धग लागत होती. "मावशी, मी तर ब्रेक सोडलाच नव्हता," तो म्हणाला. त्यामुळेच तर ब्रेक तापून पकड गेली होती. त्यात गाडी बंद पडेल या भीतीने डाव्या हाताने क्लच आवळून धरलेला, म्हणजे इंजिन चाकापासून सुटलेलं, त्याचा अटकावही नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, क्लच सोडून. न्यूट्रलवर उतरून पेट्रोल वाचवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

म्हणून माझ्याकडे पहिले दहा दिवस फक्त थांबायला शिकायचं. मैदानात मी एक वीट ठेवते. ताशी 20 च्या वेगाने यायचं आणि विटेपाशी थांबायचं. हँडल सरळ, पुढचा ब्रेक दोन बोटांनी लिंबू पिळावं तसा हळूहळू आवळायचा, मागचा सोबतीला. मग 30, मग 40. ताशी 40 ला गाडी सेकंदाला 11 मीटर जाते, म्हणजे ब्रेक दाबायचं सुचेपर्यंतच दोन मोटारींपेक्षा जास्त अंतर संपलेलं असतं. वाळूवर मात्र पुढचा ब्रेक झटक्यात दाबू नका.

दुसरी चूक, हळू चालवायचा कंटाळा. वेगात गाडी आपसूक तोल धरते, त्यामुळे तिसऱ्या दिवशी 50 गाठणाऱ्याला आपल्याला येतं असं वाटतं. मग चढावरच्या सिग्नलला मागून हॉर्न सुरू झाले की क्लच झटकन सुटतो आणि गाडी बंद पडते. पहिल्या गिअरमध्ये, रेस जवळजवळ न देता, अर्ध्या क्लचवर माणसाच्या चालीने अर्धा तास चालवून बघा. हात दुखेल. पण आरटीओच्या चाचणीतला आठचा आकडा पाय न टेकता यातूनच जमतो.

लर्निंग लायसन्स काढल्यावर पक्क्यासाठी किमान 30 दिवस थांबावं लागतं आणि लर्निंग 6 महिने चालतं. हे दिवस सरावाचे आहेत. एजंट शोधण्यात घालवू नका.

खड्डा दिसला की त्याच्याकडे टक लावून बघू नका. नजर जिथे, गाडी तिथे. जिथून जायचंय तिकडे बघा.

शिकत असताना मैत्रिणीला डबल सीट बसवू नका. मागे माणूस बसला की तुम्ही शिकलेला तोल पार बदलतो.

चपला घालून येणाऱ्याला मी परत पाठवते. हेल्मेट कोपरात अडकवून येणाऱ्यालाही.

आणि जूनमधला पहिला पाऊस. रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यात कालवून निसरडा थर होतो, पहिल्या सरीला तर फारच. पहिले दोन-तीन पाऊस नव्या माणसाने बसने जावं. मी अजूनही त्या दिवशी गाडी काढत नाही.