लसीला घाबरणाऱ्या आईबाबांशी बोलायचंय? चॅटबॉट असा वापरा

आधीच सांगते, चॅटबॉटचं लांबलचक उत्तर कॉपी करून फॅमिली ग्रुपवर टाकू नका. कोणी वाचत नाही, वर वहिनीला वाटतं आपल्याला अडाणी समजतायत. तो आपल्या तयारीला ठेवायचा, बोलायचं आपण.

पहिल्यांदा नेमकी भीती कसली ते विचारून घ्या. आपण ऑटिझमवर भाषण पाठ करून जातो (लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा वेकफिल्ड या डॉक्टरचा १९९८ चा पेपर, मुलं फक्त १२, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये तो मागे घेतला) आणि आईचं म्हणणं एवढंच असतं की मागच्या डोसनंतर पोरगं रात्रभर तापाने किरकिरत होतं आणि दुसऱ्या दिवशी कामावर खाडा झाला. मग चॅटबॉटला प्रश्न पण तोच टाका, मराठीत, टायपायचा कंटाळा असेल तर बोलून:

"मी महाराष्ट्रात राहते, बाळ साडेतीन महिन्यांचं आहे, भारताच्या सरकारी वेळापत्रकाप्रमाणे आता कुठल्या लसी आहेत? पेंटाव्हॅलेंटनंतर (पाच रोगांवरची एकत्र लस) ताप का येतो, किती दिवस राहतो, दवाखान्यात कधी न्यायचं? पाच सोप्या वाक्यांत सांग, दुष्परिणाम लपवू नकोस."

"भारताच्या" हा शब्द विसरलात की कधीकधी अमेरिकेचं वेळापत्रक हातात येतं, म्हणजे गोवरची लस वर्षानंतर. आपल्याकडे एमआरचा (गोवर-रुबेलाची लस) पहिला डोस ९ महिने पूर्ण झाले की, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. म्हणून प्रत्येक तारीख माता-बाल संरक्षण कार्डाशी ताडून बघा. बीसीजीचंही (क्षयरोगावरची लस) तसंच, तिकडे ती सरसकट देत नाहीत, आपल्याकडे मात्र काही आठवड्यांनी दंडावर फोड येते आणि घरचे घाबरतात. ती यायचीच असते, हळद-मलम काही लावायचं नाही, आपोआप भरते.

मग रंगीत तालीम. चॅटबॉटला सांगा, "तू आता शंका असलेली आई हो, मी समजावते, मी कुठे उपदेश करायला लागले ते सांग." हे मला सगळ्यात उपयोगी वाटतं, कारण आपण चिडतो कुठे ते घरीच कळतं. "गोवर आता कुठे राहिलाय" असं कोणी म्हणालं तर लांब जायला नको, २०२२ मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगावात साथ आली होती आणि लहान मुलं दगावली.

आईबाबा तयार असतील तर फोन त्यांच्याच हातात द्या. २०२४ मध्ये सायन्स या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला होता, कटकारस्थानांवर विश्वास असलेल्या लोकांनी आपलं म्हणणं स्वतः मांडून एआयशी चर्चा केली तर तो विश्वास सरासरी २० टक्क्यांनी उतरला आणि दोन महिन्यांनीही तसाच उतरलेला होता. लसीच्या भीतीला हे जसंच्या तसं लागू होईलच असं नाही, पण स्वतःचा प्रश्न स्वतः विचारण्यात काहीतरी आहे खरं.

बाळाचं नाव, कार्डाचा फोटो टाकू नका. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते नर्सताईंना विचारा, वजनावर असतं ते. आणि आधीच्या डोसनंतर झटके किंवा मोठी ॲलर्जी आली असेल तर चॅटबॉट बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जा.