अणुसंरचना आणि समस्थानिके : परीक्षेआधीची तयारी
तयारीला बसताना सर्वप्रथम आवर्तसारणी उघडावी आणि क्लोरीनच्या चौकटीतील दोन संख्या नीट पाहाव्यात : १७ आणि ३५.४५. पहिलीचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो : ती अणुअंक, म्हणजे केंद्रकातील प्रोटॉनांची संख्या. दुसरीचा अर्थ ठाऊक आहे अशी आपली खात्री असते आणि गुण नेमके तिथे जातात. गेल्या परीक्षेत माझे तिथेच गेले, म्हणून या यादीत ती एक गोष्ट पुन्हा पुन्हा येणार आहे. ज्यांना ती पक्की येते त्यांनीही ती वगळू नये.

प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन यांचे प्रभार आणि जागा नववीतच झाल्या आहेत. इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या सुमारे १८३६ पट हलका असतो, एवढे मात्र आकड्यासह लक्षात असावे, कारण अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान केंद्रकात का मानतो याचे उत्तर त्यातच आहे.

शोधांची सनावळी नुसती घोकू नये, कारण प्रश्न बहुधा सनाचा नसून कारणाचा असतो. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन दाखवला. गायगर आणि मार्सडेन यांच्या सोन्याच्या पत्र्यावरील प्रयोगाच्या आधारे रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये केंद्रकाची कल्पना मांडली. या प्रयोगाचे उत्तर लिहिताना प्रत्येक निरीक्षणासमोर त्याचाच निष्कर्ष यायला हवा. पत्र्यावर सोडलेले बहुतेक अल्फा कण (धनप्रभारित कण) सरळ पार गेले, म्हणून अणूचा बराचसा भाग रिकामा. फारच थोडे मागे फिरले, म्हणून धनप्रभार आणि वस्तुमान अतिशय लहान जागेत एकवटलेले. निरीक्षणे एका परिच्छेदात आणि निष्कर्ष दुसऱ्यात असे लिहिले, तर परीक्षकाला जोड्या लावत बसावे लागते. मोस्ली यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या मोजमापातून अणुअंकाला प्रायोगिक आधार दिला आणि त्याच वर्षी सॉडी यांनी समस्थानिकांची कल्पना मांडली. न्यूट्रॉन मात्र चॅडविक यांना १९३२ मध्ये सापडला. म्हणजे एकाच मूलद्रव्याचे अणू वेगवेगळ्या वस्तुमानांचे असतात हे जवळजवळ दोन दशके माहीत होते, पण जादा वस्तुमान कशामुळे येते हे कळलेले नव्हते. हा क्रम समजला की समस्थानिकांची व्याख्या पाठ करण्याचे काम उरत नाही : प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन वेगळे.

आता मुख्य गोष्ट. अणुवस्तुमानांक ही मोजणी आहे. एका विशिष्ट अणूच्या केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून किती आहेत हे ती संख्या सांगते, त्यामुळे ती नेहमी पूर्णांकच असते. आवर्तसारणीतील दशांश संख्या हे सरासरी अणुवस्तुमान आहे. निसर्गात त्या मूलद्रव्याची जी समस्थानिके ज्या प्रमाणात सापडतात, त्या प्रमाणाचा भार देऊन काढलेली ती सरासरी आहे. ती कोणत्याही एका अणूची संख्या नाही. न्यूट्रॉन काढायचे असतील तर अणुवस्तुमानांकातूनच अणुअंक वजा करायचा, सरासरी अणुवस्तुमानातून कधीही नाही. ३५.४५ ची ढोबळ किंमत ३५.५ घेऊन ३५.५ उणे १७ म्हणजे १८.५ न्यूट्रॉन असे उत्तर आले तर चूक निदान दिसते, ३५.५ चे ३६ करून १९ न्यूट्रॉन लिहिले तर ती दिसतही नाही. निसर्गातील क्लोरीनमध्ये ३५ आणि ३७ ही दोन स्थिर समस्थानिके आहेत आणि त्यांत अनुक्रमे १८ आणि २० न्यूट्रॉन आहेत.

ही चूक अंगवळणी पडण्याचे कारण सराव ज्या मूलद्रव्यांवर होतो त्यांत आहे. फ्लुओरीन, सोडियम, ॲल्युमिनियम, फॉस्फरस यांचे निसर्गात एकच स्थिर समस्थानिक असते. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यात एकाचेच प्रमाण अतिशय जास्त असते. त्यामुळे सोडियमचे २२.९९ जवळच्या पूर्णांकात घेऊन ११ वजा केले की १२ न्यूट्रॉन हे बरोबर उत्तर मिळते आणि चुकीची रीत बरोबर वाटू लागते. म्हणून सरावासाठी ब्रोमीन घ्यावे. त्याचे सरासरी अणुवस्तुमान ७९.९० आहे, पण ८० अणुवस्तुमानांकाचे स्थिर ब्रोमीन नाहीच. निसर्गात ७९ आणि ८१ ही दोन जवळजवळ निम्मी-निम्मी असतात. ब्रोमीनचा अणुअंक ३५ वजा केल्यावर न्यूट्रॉन ४४ किंवा ४६ येतात. ४५ लिहिणाऱ्याने निसर्गात नसलेल्या अणूचे न्यूट्रॉन मोजलेले असतात. दुसरे उदाहरण कोबाल्ट-६० चे. लासलगावच्या विकिरण केंद्रात कांदा आणि आंबा कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखाली ठेवतात. आवर्तसारणीत कोबाल्टसमोर ५८.९३ आहे, कारण निसर्गात फक्त कोबाल्ट-५९ सापडते. कोबाल्ट-६० अणुभट्टीत तयार करावे लागते. त्याचे न्यूट्रॉन ६० उणे २७, म्हणजे ३३. आवर्तसारणी पाहून ३२ लिहू नका. प्रश्नात समस्थानिक दिले असेल, तर आवर्तसारणीतून घ्यायचा तो फक्त अणुअंक.

सरासरी काढण्याची गणिते दोन्ही दिशांनी करावीत. क्लोरीन-३५ चे प्रमाण ७५.७७ टक्के आणि वस्तुमान ३४.९६९, क्लोरीन-३७ चे २४.२३ टक्के आणि ३६.९६६, प्रत्येक वस्तुमानाला त्याच्या प्रमाणाने गुणून बेरीज केली आणि १०० ने भागले की ३५.४५ येते. प्रश्नात अचूक वस्तुमानांऐवजी ३५ आणि ३७ दिले असतील तर उत्तर ३५.४८ येईल आणि तिथे तेच बरोबर आहे; पाठ असलेल्या ३५.४५ शी जुळावे म्हणून आकडेमोड वाकवू नये. ३५ आणि ३७ यांची साधी सरासरी ३६ काढणे तर पूर्ण चूक आहे. उलट दिशेचे गणित तांब्यावर करावे : वस्तुमाने ६२.९३ आणि ६४.९३, सरासरी ६३.५५. हलक्या समस्थानिकाचा अंश ‘क्ष’ आणि जड समस्थानिकाचा ‘१ उणे क्ष’ मानला की क्ष ०.६९ येतो, म्हणजे ६९ टक्के. उत्तर तपासण्यासाठी सरासरी कोणत्या समस्थानिकाच्या जवळ आहे ते पाहावे. प्रमाण त्याचेच जास्त आले पाहिजे. ही गणिते गणकयंत्राशिवाय करावीत.

आयनांच्या प्रश्नांत बदलतात ते फक्त इलेक्ट्रॉन. क्लोरीन-३७ च्या क्लोराइड आयनात प्रोटॉन १७, न्यूट्रॉन २० आणि इलेक्ट्रॉन १८. धन आयनात इलेक्ट्रॉन कमी होतात, घाईत अनेक जण तिथे मिळवतात.

समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म सारखे असतात, कारण इलेक्ट्रॉन संरूपण (कवचांतील इलेक्ट्रॉनांची मांडणी) तेच असते. पण भौतिक गुणधर्मही सारखेच असे लिहू नये. हायड्रोजनमध्ये हा फरक सर्वात ठळक दिसतो, कारण एका न्यूट्रॉनने त्याचे वस्तुमान सुमारे दुप्पट होते. ड्यूटेरियमचे जड पाणी ३.८ अंश सेल्सियसला गोठते आणि त्याची घनता साध्या पाण्यापेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी जास्त असते. रायगड जिल्ह्यात थळ येथे ते तयार होते आणि नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या अणुभट्ट्यांत वापरले जाते. त्या युरेनियममध्ये युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असते. उपयोगांच्या प्रश्नात समस्थानिकाचा अंक लिहायलाच हवा. नुसते ‘कोबाल्ट’ किंवा ‘युरेनियम’ लिहून भागत नाही.

अणुवस्तुमानांक समान पण मूलद्रव्ये वेगळी अशा समभारिकांसाठी अरगॉन-४०, पोटॅशियम-४० आणि कॅल्शियम-४० पुरेत. समान न्यूट्रॉनांच्या आयसोटोनसाठी कार्बन-१४, नायट्रोजन-१५ आणि ऑक्सिजन-१६ घ्यावेत, तिघांतही आठ न्यूट्रॉन. इथेही वजाबाकी अणुवस्तुमानांकातूनच. अरगॉनचे सरासरी अणुवस्तुमान ३९.९५ आणि पोटॅशियमचे ३९.१० असूनही अरगॉन आधी का येतो, हा प्रश्न आवडीने विचारला जातो. अनुक्रम अणुअंकाने ठरतो आणि सरासरी समस्थानिकांच्या प्रमाणाने, एवढे दोन मुद्दे उत्तरात असावेत.

संरूपणाचे नियम सर्वांकडे असतात. क्रोमियम आणि तांबे यांचे अपवाद लिहून पाहावेत. इलेक्ट्रॉन ठरावीक कक्षांत फिरतात असे मानणाऱ्या बोर प्रारूपाची सूत्रे, ऊर्जेच्या सूत्रातील ऋण चिन्ह आणि प्रारूपाच्या मर्यादा एकदा वाचाव्यात. पुंजांक (अणूतील इलेक्ट्रॉनाची स्थिती सांगणारे अंक) शेवटी घ्यावेत, त्यांचा तक्ता एका पानात बसतो.

आदल्या रात्री नवीन काही उघडू नये. क्लोरीन, ब्रोमीन आणि कोबाल्ट-६० यांचे प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन पुस्तक मिटून लिहावेत. पेपरमध्ये वजाबाकी करण्यापूर्वी दिलेली संख्या एका अणूची आहे की सरासरी आहे, हे तिच्याशेजारी पेन्सिलने लिहून ठेवावे.